जनरेटर तेराव्या मजल्यावर, पंप तळघरात: शहरांची वीज-पाणी-मेट्रो आणि बदलतं हवामान

उपनदी

२९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये शिरलं. बेलव्ह्यू हे तिथलं मोठं सार्वजनिक रुग्णालय. वीज गेली तर काय करायचं याचा विचार तिथे झालेला होता. जनरेटर थेट तेराव्या मजल्यावर, पुराचं पाणी तिथवर पोचणं अशक्य. पण त्या जनरेटरना इंधन चढवणारे पंप होते तळघरात. तळघर बुडालं, पंप बंद पडले आणि माणसांनी जिन्यावर रांग लावून हातोहात इंधन तेरा मजले वर चढवलं. शेवटी रुग्णालय रिकामं करावंच लागलं.

हवामानबदल आणि शहरं हा विषय निघाला की गप्पा समुद्रभिंती आणि अजस्र बोगद्यांकडे वळतात. ती कामंही लागतीलच. पण मला जास्त सतावणाऱ्या गोष्टी दोन आहेत.

पहिली म्हणजे आकडे. प्रत्येक यंत्रणा कुठल्यातरी आकड्यावर बेतलेली असते आणि तो आकडा मागच्या नोंदींवरून आलेला असतो. त्याच रात्री मॅनहॅटनमधलं पूर्व तेराव्या रस्त्यावरचं सबस्टेशन गेलं. १२.५ फुटांपर्यंतच्या उधाणाला तोंड देता येईल अशी त्याची तयारी होती, पाणी चढलं जवळपास १४ फूट. पावसाचंही तेच. न्यूयॉर्कच्या पर्जन्यवाहिन्या ताशी साधारण ४४ मिमीच्या हिशेबाच्या, आणि १ सप्टेंबर २०२१ला आयडा वादळात सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिमी कोसळला. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिमीच्या, आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. चीनमधल्या झेंगझोऊत २० जुलै २०२१ला एकाच तासात २०१.९ मिमी. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे हे आकडे मागे फिरतील अशी आशा करण्यात अर्थ नाही.

दुसरी म्हणजे सांधे. यंत्रणा एकेकटी मोडत नाही, दुसरीला जोडलेली असते तिथे मोडते. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण थंडीचं आहे: टेक्सास, फेब्रुवारी २०२१. (त्या थंडीचं हवामानबदलाशी नातं किती यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मला इथे फक्त सांधा दाखवायचा आहे.) वीज कमी पडली म्हणून भारनियमन सुरू झालं. त्यात नैसर्गिक वायूच्या विहिरींची आणि कॉम्प्रेसरचीही वीज तोडली गेली, कारण 'यांची वीज तोडू नये' या यादीत त्यांच्यापैकी अनेकांची नोंदच नव्हती. वायू आटला, त्यामुळे आणखी वीजकेंद्रं बंद पडली. वीज नाही म्हणून जलशुद्धीकरण अडलं आणि ह्यूस्टनसारख्या महानगरात लोकांना पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं. अधिकृत आकड्याप्रमाणे २४६ माणसं गेली. अख्खं जाळं कोसळायला पाच मिनिटंसुद्धा उरली नव्हती.

या सांध्यापुरतं पाहिलं तर त्या यादीसाठीचा एक फॉर्म भरलेला नव्हता, एवढंच. भिंत, बोगदा, धरण यातलं काहीही त्या ठिकाणी उपयोगाचं नव्हतं.

तर प्रश्न असा: पैसा मोजकाच आहे, शहर मोठं आहे, आणि पुढचा आकडा नक्की माहीत नाही. सुरुवात कुठून करायची? या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी जरूर लिहावं.

टिटवी

बाप रे, तेरा मजले! वाचतेय. जाणकारांनी लिहा.

बिनतारी

धागा पुराकडे वाहत जाणार हे दिसतंच आहे, म्हणून उष्म्याबद्दल आधीच लिहून ठेवतो. वीज वितरणात काम करतो. पुराचे फोटो निघतात, उष्म्याचे निघत नाहीत. पण आमची खरी झोप उडवतो तो उष्माच.

ट्रान्सफॉर्मरची क्षमता ठरवताना आंतरराष्ट्रीय मानकात भोवतालचं कमाल तापमान ४० अंश आणि वर्षाची सरासरी २० अंश धरलेली असते. जास्त उष्ण भागासाठी वेगळे आकडे देऊन मागवता येतो, पण मागवताना कुणीतरी तसा विचार केलेला असायला हवा ना. आतलं कागदी इन्सुलेशन ढोबळमानाने दर ६ अंशांच्या वाढीला निम्मं आयुष्य गमावतं. दुपारचे ४४-४५ अंश एकवेळ चालतील, कारण रात्री तेल थंड होतं. घात होतो तो रात्रीचं तापमान उतरत नाही तेव्हा. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायलाच मिळू नये, तसं त्याचं होतं. सलग पाच-सहा रात्री अशा गेल्या की एरवी आणखी कित्येक वर्षं टिकला असता असा ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो, आणि एक गेला की त्याचा भार शेजारच्यावर.

त्यात गंमत अशी की सगळं एकाच वेळी घडतं. उष्म्यात तारा तापून लांबतात, झोळ वाढतो, म्हणून त्यातून कमी वीज न्यायची असते. गॅस टर्बाइनचं उत्पादन गरम हवेत घटतं. नद्यांचं पाणी तापलं की त्यावर थंड होणाऱ्या वीजकेंद्रांना उत्पादन कमी करावं लागतं, फ्रान्समध्ये अणुकेंद्रांना २००३ आणि २०२२ अशा दोन्ही उन्हाळ्यांत करावं लागलं. जमिनीखालच्या केबलभोवतीची माती कोरडी पडली की उष्णता बाहेर जात नाही. आणि नेमकी याच वेळी मागणी शिखरावर, कारण घराघरांत एसी.

१४ ऑगस्ट २००३ला अमेरिका-कॅनडात जवळपास ५ कोटी लोकांची वीज गेली. तो काही विक्रमी उष्म्याचा दिवस नव्हता. ओहायोत झोळ पडलेल्या तारा न छाटलेल्या झाडांना टेकल्या, नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी प्रणाली बिघडलेली होती, तिथून पुढे सगळं घसरत गेलं. म्हणजे हवामान जुळवून घेण्याच्या यादीत 'फांद्या छाटणे' हे काम फार वर येतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बजेट कापायचं झालं की पहिली कात्री यालाच लागते.

उपाय आहेत. तारेचं तापमान, वारा मोजून त्या क्षणाला तिची खरी क्षमता किती हे ठरवता येतं. सुट्टे ट्रान्सफॉर्मर साठ्यात ठेवता येतात. मोठा ट्रान्सफॉर्मर मागवल्यावर यायला वर्ष-दोन वर्षं, हल्ली त्याहूनही जास्त लागतात, त्यामुळे 'लागला की घेऊ' चालत नाही. मागणी मुळातच कमी करायची तर पांढरी छतं, सावली, आणि पॅरिससारखं नदीच्या पाण्याची मदत घेऊन थंड पाणी पाइपांतून इमारतींना पुरवणारं सामाईक जाळं. तिथे लूव्र संग्रहालयही या जाळ्यावर थंड होतं.

काथ्याकूट_नको

लेख चांगला, पण मला एक कळत नाही. पुढचा आकडा माहीत नाही असं तुम्हीच म्हणता. मग बांधायचं तरी किती उंच? कमी बांधलं तर वाहून जाणार, जास्त बांधलं तर 'पैसे पाण्यात घातले' म्हणून लोक ओरडणार. वीस वर्षांनी सरकारं बदललेली असतात, अभियंते निवृत्त झालेले असतात. या असल्या अनिश्चिततेत निर्णय घेणं कुणाच्या बापाला जमणार?

उपनदी

@काथ्याकूट_नको, लंडननं यावर काढलेला मार्ग मला पटतो. १९५३च्या उत्तर समुद्रातल्या पुरात इंग्लंडमध्ये ३०७ आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, त्यातून पुढे थेम्स नदीवरचा अडथळा (उधाण आलं की दारं बंद करून समुद्राचं पाणी अडवणारा) उभा राहिला. १९८२पासून तो वापरात आहे. आता शतकाच्या उरलेल्या काळासाठी त्यांनी २०१२मध्ये जी योजना आणली तिच्यात 'अमुक साली अमुक बांधू' अशी एकच सरळ रेघ नाही. समुद्रपातळी इतकी वाढली तर हा पर्याय, त्याहून वाढली तर तो, अशा वाटा आखल्या आहेत. प्रत्येक वाटेला किती वर्षं आधी सुरुवात करावी लागेल तेही लिहिलंय. आणि ठराविक काळाने मोजमाप घेऊन योजना तपासायची असते.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. २०२३च्या फेरतपासणीत अडथळ्याच्या वरच्या बाजूच्या नदीकाठच्या भिंती उंचावण्याची मुदत १५ वर्षं अलीकडे, २०५०वर आणली. अडथळ्याचं पुढे काय करायचं याचा निर्णय २०४०पर्यंत घ्यायचा आहे. २०१३-१४च्या एका हिवाळ्यात तो ५० वेळा बंद करावा लागला होता. दारं जितकी जास्त वेळा बंद, तितका देखभालीला वेळ कमी. म्हणजे पाणी वरून जाण्याच्या कितीतरी आधी यंत्र वापरानेच थकतं. हाही एक इशाऱ्याचा आकडाच.

एकदम उंच बांधायची गरज नसते, पण पाया असा घालावा लागतो की पुढे उंचावता येईल. आणि मागची जमीन मोकळी ठेवावी लागते. दुसरी अट पहिलीपेक्षा महाकठीण.

पाणथळ

निचऱ्याच्या कामातली व्यक्ती म्हणून लिहिते.

२ जुलै २०११ला कोपनहेगनमध्ये साधारण दोन तासांत १५० मिमी पाऊस झाला. नुकसान एक अब्ज युरोच्या घरात. शहरानं पुढच्याच वर्षी अतिवृष्टीचा आराखडा केला. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उद्दिष्टाची भाषा: शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसात रस्त्यावर १० सेंमीपेक्षा जास्त पाणी नको. 'पाणी साचणार नाही' असं म्हटलेलंच नाही! साचेल, पण इतकंच आणि आम्ही ठरवू तिथेच.

पाइपच मोठे करण्यापेक्षा रस्ते, उद्यानं, तळी आणि पाइप मिळून काम केलं तर स्वस्त पडतं असं त्यांच्या हिशेबात निघालं. मग सुमारे ३०० कामं वीस वर्षांत पसरून. काही रस्त्यांचा उतार उलटा केला, म्हणजे पाणी घरांकडे न जाता मधोमध वाहील. काही उद्यानं खोलगट केली. रॉटरडॅमचा बेन्थेमप्लेन चौक याच जातीचा, २०१३चा. एरवी मुलं तिथे बास्केटबॉल खेळतात, पाऊस आला की त्यात सुमारे १७ लाख लिटर पाणी थांबतं.

आमच्या कामात 'पाणी लवकर बाहेर काढा' हा मंत्र पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. आता 'थोपवा, थांबवा, मग सोडा' म्हणायचं तर मोजमापापासून कंत्राटाच्या अटींपर्यंत सगळं बदलतं. चौकाची मालकी एका विभागाची, त्याखालच्या पाइपची दुसऱ्याची, गाळ काढायचा कुणी? बैठका याच्यावरच संपतात.

भुयारी

@पाणथळ, उद्यानं वगैरे दिसायला छान. पण झेंगझोऊ हे चीनच्या 'स्पंज शहर' कार्यक्रमातलंच शहर होतं ना? काय उपयोग झाला? टोकियोजवळ कासुकाबेला बघा. जमिनीखाली सुमारे ५० मीटरवर ६.३ किमीचा बोगदा, पाच प्रचंड उभ्या विहिरी, शेवटी १७७ मीटर लांब आणि ७८ मीटर रुंद टाकी, तिच्यात ५९ खांब, एकेक ५०० टनांचा. सेकंदाला २०० घनमीटर पाणी मोठ्या नदीत फेकतात. २००६ला पूर्ण झाला. याला म्हणतात काम.

पाणथळ

@भुयारी, काम थोरच आहे, प्रश्नच नाही. पण तुलना चुकतेय. स्पंजची योजना वर्षभर पडणारा बहुतेक पाऊस जागीच मुरवण्यासाठी असते. एका तासाच्या २०० मिमीसाठी ती कधीच नव्हती. दोष स्पंजचा नाही, तो सर्वरोगहर म्हणून विकणाऱ्यांचा.

बोगद्यालाही मर्यादा आहेच. भरला की भरला. शिवाय तो चालतो पंपांवर, पंप चालतात विजेवर किंवा इंधनावर. म्हणजे आपण परत उपनदींच्या तळघरात! कोपनहेगननंही बोगदे खणले आहेत. वाद बोगदा की बाग असा नाहीच. नेहमीच्या पावसाला बाग आणि झिरपणारी जमीन, मोठ्या पावसाला पाइप आणि बोगदा, आणि त्याहून मोठ्या पावसाला पाण्याची वाट आधीच ठरलेली असली पाहिजे, म्हणजे ते रुग्णालयात किंवा मेट्रोत घुसणार नाही. हा तिसरा थर बहुतेक शहरांच्या आराखड्यात नसतोच. 'क्षमतेपेक्षा जास्त पाऊस' हे वाक्य अहवालात कारण म्हणून येतं. ते खरं तर डिझाइनचं पहिलं वाक्य असायला हवं.

रूळकरी

मेट्रोबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

झेंगझोऊच्या ५ नंबर मार्गावर १४ जण बुडाले. पाणी स्टेशनच्या जिन्यांवरून नाही, डेपोची संरक्षक भिंत कोसळून बोगद्यात शिरलं. आणि गाड्या वेळेत थांबवल्या नाहीत. सगळं लक्ष दारांवर आणि पाणी आलं मागच्या अंगणातून, असा प्रकार. भुयारी रेल्वेला शंभर तोंडं असतात: हवेचे झरोके, केबलचे खड्डे, डेपोकडे जाणारे उतार, शेजारच्या मॉलला जोडणारे भुयारी रस्ते. सगळ्यात खालचं तोंड कुठलं हे बहुतेकदा एका नकाशावर नसतंच.

तैपेईत सप्टेंबर २००१ला नारी वादळात मेट्रोची कितीतरी स्टेशनं बुडाली, पूर्ववत व्हायला महिने लागले. बँकॉकमध्ये भुयारी स्टेशनात शिरायला आधी पायऱ्या चढाव्या लागतात, मग उतरायच्या. प्रवासी कुरकुरतात, पण एवढ्याशा चढाची किंमत पुरात कळते. (व्हीलचेअरवाल्यांसाठी मात्र लिफ्ट आणि उतार तितक्याच विचारानं करायला हवेत, तिथे सगळीकडेच आनंद आहे.) न्यूयॉर्कचं साउथ फेरी स्टेशन ५० कोटी डॉलरहून जास्त खर्चून २००९मध्ये नवं उघडलं, सँडीत छतापर्यंत भरलं, आणि २०१७मध्ये पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात काय केलं? बंद केलेलं जुनं स्टेशन परत वापरात आणलं! जुनी मालमत्ता लगेच मोडीत काढू नये याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

समुद्राचं पाणी असेल तर पाणी उपसल्यावर काम संपत नाही. केबल आणि सिग्नलमध्ये मीठ राहतं, ते वर्षानुवर्षं खात राहतं.

उष्म्याचं बिनतारी यांनी लिहिलंच आहे. रुळांबद्दल एवढंच की सलग वेल्ड केलेला रूळ एका ठराविक तापमानाला ताणमुक्त असेल असा बसवतात. ब्रिटनमध्ये ते २७ अंश आहे. उन्हातला रूळ हवेपेक्षा २० अंशांपर्यंत जास्त तापू शकतो. मग रूळ वाकू नये म्हणून गाड्यांचा वेग कमी. तो आकडा वाढवता येतो, पण मग हिवाळ्यात रूळ तुटण्याचा धोका वाढतो. फुकट काहीच नाही.

शुश्रूषा

रुग्णालयांचं आणखी एक. जुलै २०२२ला लंडनमध्ये ४० अंश झाले तेव्हा गाइज आणि सेंट थॉमस रुग्णालयांची संगणक यंत्रणा बसली. दोन डेटा सेंटर होती, दोन्हींचं कूलिंग त्या उष्म्यात गेलं. डॉक्टर-नर्स कागदावर आले, घडी परत बसायला आठवडे लागले. एकाला दुसरं पर्याय म्हणून ठेवलं, पण ऊन दोघांवर एकच. जनरेटर, पाण्याची टाकी, ऑक्सिजन, सगळ्यांना हा प्रश्न विचारायला हवा: ज्या कारणानं पहिलं जाईल त्याच कारणानं दुसरं जाईल का?

टिटवी

@शुश्रूषा, हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

खारफुटी

किनाऱ्यावरच्या शहरांत समुद्र चढतो हे सगळे बोलतात, जमीन खाली जाते हे कमी बोललं जातं. उत्तर जकार्तात काही ठिकाणी जमीन वर्षाला २५ सेंमीपर्यंत खचलेली आहे. कारण भूजल उपसा, आणि उपसा का, तर नळाचं पाणी सगळ्यांपर्यंत पोचत नाही म्हणून. म्हणजे तिथे पूर अडवायचा तर आधी पाणीपुरवठा सुधारायला हवा! भिंत उंचावत राहिलात आणि भिंतच जमिनीबरोबर खाली जात राहिली तर काय कामाची.

टोकियोचा कोतो भागही विसाव्या शतकात काही ठिकाणी चार मीटरहून जास्त खचला होता. उपशावर कायद्यानं निर्बंध आणल्यावर खचणं जवळपास थांबलं. गेलेली उंची मात्र परत आली नाही, ते भाग आजही समुद्रपातळीखाली आहेत आणि पंप व भिंतींच्या भरवशावर आहेत.

व्हेनिसनं अडथळा बांधला, ७८ दारं, ३ ऑक्टोबर २०२०ला पहिल्यांदा भरतीत उचलली. ११० सेंमीची भरती येणार असेल तर उचलायची असं ठरलेलं. समुद्र जितका वर, तितक्या वेळा उचलणं जास्त, आणि दारं बंद असताना खाजणातलं पाणी आणि बंदरातली जहाजं दोन्ही अडकतात. थेम्सबद्दल वर लिहिलंय तसंच.

सिंगापूरचा मार्ग मला जास्त व्यवहारी वाटतो. नव्या भराव जमिनीची किमान उंची त्यांनी २०११मध्ये एक मीटरनं वाढवली, आणि चांगी विमानतळाचं पाचवं टर्मिनल समुद्रपातळीपासून ५.५ मीटरवर बांधताहेत. जे नवं बांधायचंच आहे ते आधीच उंच बांधा. जुनं उचलण्याच्या मानानं हे फारच स्वस्त.

काथ्याकूट_नको

सगळं ठीक. पण वाचतंय कोण आणि बुडतंय कोण? आयडा वादळात न्यूयॉर्क शहरात जे १३ गेले त्यातले ११ तळघरातल्या घरांत होते. तिथे राहतं कोण, हे सांगायला नको. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं बघा. १९५७च्या पुरानंतर तुरिया नदी वळवून शहराच्या दक्षिणेला नवं पात्र खणलं. २९ ऑक्टोबर २०२४ला मूळ शहर वाचलं, जुन्या पात्रातलं उद्यान कोरडं राहिलं. नव्या पात्राच्या पलीकडची उपनगरं पोयो ओढ्याच्या पाण्यानं उद्ध्वस्त झाली. प्रांतात २२०हून जास्त मृत्यू. मोबाइलवर इशारा गेला रात्री आठनंतर, तोवर कित्येक जण पाण्यात होते.

भिंत कुणाच्या दारात संपते हे अभियंता ठरवत नाही.

उपनदी

पटतंय. त्यातही एक भर घालतो: व्हॅलेन्सियात पूररेषेत कुठे काय बांधलंय याची माहिती होती. पावसाचा लाल इशारा हवामान खात्यानं सकाळीच दिलेला होता. अडलं ते इशारा आणि मोबाइल यांच्या मधल्या टप्प्यावर. इशारा देणारी यंत्रणा ही नळ-विजेइतकीच पायाभूत यंत्रणा मानायला हवी, तिची देखभाल आणि तालीम तशीच व्हायला हवी.

तळघरांबद्दल: तिथल्या लोकांना हलवा म्हणणं सोपं आहे, पण परवडणारी दुसरी घरं नसतील तर ते दुसऱ्या तळघरात जातील. मला याचं समाधानकारक उत्तर दिसत नाही. निदान धोक्याच्या वेळी रात्री घरोघर जाऊन उठवायचं कुणी, हे तरी आधी ठरलेलं हवं.

कोरडवाहू

पूर, उष्मा झाला, दुष्काळ राहिला. केप टाऊन, २०१८. नळ बंद करायचा दिवस जवळ आला तेव्हा माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. २०१५मध्ये दिवसाला १२० कोटी लिटरच्या आसपास असलेला वापर ५० कोटींपर्यंत उतरला. हे फक्त लोकांच्या शहाणपणानं नाही झालं. पाइपातला दाब कमी केला, म्हणजे गळती आपोआप घटली. दाब नियंत्रणाच्या झडपा बसवणं हे अत्यंत कंटाळवाणं काम आहे, उद्घाटनाला मंत्री येत नाही, पण नव्या धरणाच्या कितीतरी आधी हाती लागतं.

गोची पुढे झाली. पाणी कमी विकलं गेलं म्हणून पाणी विभागाचं उत्पन्न आटलं, आणि श्रीमंतांनी स्वतःच्या बोअरवेल खणल्यामुळे चांगलं बिल भरणारे ग्राहकच कमी झाले. मग जोडणीच्या आकारावर ठरणारा स्थिर आकार लावावा लागला. लोकांची प्रतिक्रिया, 'पाणी वाचवलं म्हणून दंड?' अशी. त्यांचं चूक म्हणवत नाही. पण पाइपांचा खर्च पाणी विकलं काय न विकलं काय, तेवढाच राहतो. लिटरमागे पैसे घेऊन चालणारी यंत्रणा दुष्काळात स्वतःच दुष्काळात जाते. काँक्रीटचं सोडा, आधी दरपत्रक बदलायला हवं.

भुयारी

म्हणजे सगळ्यांचं मिळून म्हणणं असं की मोठं काही बांधूच नका, फांद्या छाटा आणि झडपा बसवा?

बिनतारी

@भुयारी, तसं नाही हो. बांधा, पण त्याआधी काय करायचं ते सांगतो. उपनदींच्या मूळ प्रश्नाला हेच माझं उत्तर.

प्रत्येक सबस्टेशन, पंपगृह, रुग्णालय, मोबाइल टॉवर, नियंत्रण कक्ष यांच्याबद्दल तीनच गोष्टी विचारायच्या. एक, पाण्यानं बिघडेल असा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती उंचीवर आहे (इमारत नव्हे, भाग, तो पंप असेल, पॅनेल असेल, केबलचा जोड असेल). दोन, ही जागा चालायला बाहेरून काय काय लागतं आणि ते नेमकं कुठून येतं. तीन, ते आलं नाही तर किती तास चालेल. एवढं एका तक्त्यात आलं की सांधे आपोआप दिसतात. पंपगृह म्हणतं आम्हाला वीज अमक्या सबस्टेशनमधून, सबस्टेशन म्हणतं आमचा निचरा तमक्या पंपगृहातून. दोघांनाही हे एकमेकांबद्दल माहीत नसतं!

आमच्याकडे हे करताना अडलं ते तंत्रावर नाही, वकिलांवर. आपला कच्चा दुवा दुसऱ्या संस्थेला लेखी द्यायला कुणी तयार होईना. उद्या काही झालं तर तोच कागद कोर्टात येईल ही भीती. शेवटी एकेकट्यानं माहिती द्यायची, एकत्र तक्ता फक्त एका त्रयस्थ कार्यालयात राहील आणि खटल्यात वापरता येणार नाही, असा करार झाल्यावर गाडी हलली.

शुश्रूषा

@बिनतारी, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर नका घेऊ. जनरेटरची चाचणी दरमहा होते, पण पुष्कळ ठिकाणी भार न टाकताच. दहा मिनिटं फिरवायचा, वहीत सही, झालं. खरा भार टाकून कित्येक तास चालवल्यावर कळतं की टाकीतलं डिझेल जुनं झालंय, किंवा कूलिंग पंप नेमका त्या सर्किटवर नाहीये.

बिनतारी

खरंय. म्हणून आमच्या करारात वर्षातून एकदा बाहेरची वीज प्रत्यक्ष तोडून बघायची अट आहे. आधी सांगून, दिवसाउजेडी, तंत्रज्ञ हजर असताना. पहिल्या वर्षी एकही रुग्णालय तयार नव्हतं. त्यांचं म्हणणं, रुग्णांच्या जिवावर प्रयोग नको. मग सुरुवात पाण्याच्या पंपगृहांपासून केली.

टिटवी

आणि पंपगृहांत काय निघालं?

बिनतारी

जनरेटर लगेच सुरू झाले, सगळे. पण दोन ठिकाणी मुख्य झडप विजेवर चालणारी, आणि ती जनरेटरच्या सर्किटवर जोडलेलीच नव्हती. पंप फिरतोय, झडप बंद. हाताने फिरवायचं चाक होतं, ते गंजलेलं. आता ते चाक दर तीन महिन्यांनी फिरवतात.

पाणथळ

@बिनतारी, त्या तक्त्याचे रकाने इथे टाकाल का? नावं-ठिकाणं नकोत, नुसते रकाने. आमच्या विभागाकडे मांडून बघते.